पगार वाढला की दवाखाना बंद, हे कुठलं गणित?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाडकी बहीण आणि टॅक्स यावर आपल्या पेपरात सध्या जी पत्रं येतायत ती सगळी वाचतोय. एक पार्टी म्हणते आम्ही राबून टॅक्स भरायचा आणि सरकारने तो फुकट वाटायचा, दुसरी म्हणते गरीब बाईच्या खात्यात दीड हजार पडले तर तुमच्या पोटात का दुखतं. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण फुकट किती आणि टॅक्स किती यावर एवढा गोंधळ चाललाय आणि मधली जी रेघ असते ना, उत्पन्नाची मर्यादा, तिच्याबद्दल एकाही पत्रात एक ओळ नाही. माझं रोजचं काम त्या रेघेवरच चालतं म्हणून लिहितोय.

मी नाशिकच्या सातपूर आणि अंबडमधल्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं बनवतो, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), प्रोफेशन टॅक्सचे रिटर्न भरतो. दहा माणसांचं युनिट, पंधरा माणसांचं युनिट, असे मालक. मार्च संपत आला की इन्क्रिमेंटच्या याद्या येतात आणि दरवर्षी कोणी ना कोणी कामगार मला गाठून एकच गोष्ट सांगतो. गेल्या वेळी एक सीएनसी ऑपरेटर आला होता, चांगला हात आहे पोराचा, मालक खूश होता, त्याचा पगार २०,६०० वरून २१,२०० करायचा ठरला होता. तो पार्किंगमध्ये गाडीला किक मारता मारता थांबला आणि म्हणाला, "भाऊ, शेठला सांगा ना, माझा पगार नका वाढवू."

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण ज्याला ईएसआय माहितीये त्याला लगेच कळेल. ईएसआयची पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे. त्याच्या आत असलात तर तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि त्या बदल्यात तुमचं, बायकोपोरांचं आणि अवलंबून असलेल्या आईवडलांचं औषधपाणी होतं. २०,६०० वाल्याचे कापले जातात १५५ रुपये. या पोराच्या वडलांना शुगर आहे, हार्टचं दुखणं आहे, गोळ्या महिन्याच्या महिन्याला लागतात, बाहेर मेडिकलमधून घेतल्या तर अडीच हजाराच्या घरात जातं. म्हणजे पगार वाढणार ६०० रुपयांनी आणि खर्च वाढणार अडीच हजारांनी. वर वडलांना काही झालं तर ॲडमिटचा खर्च वेगळाच. त्याने मेडिक्लेमची चौकशीही करून ठेवली होती, वडलांना धरून वर्षाला पस्तीस हजाराच्या पुढे सांगितलं होतं, आणि आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं ते आणखी वेगळं. आता सांगा, तो पगारवाढ नको म्हणतो त्यात त्याचं काय चुकलं?

मग आम्ही काय करतो तर जुगाड करतो. नियम असा आहे की सहामाही सुरू झाल्यावर पगार मर्यादेच्या वर गेला तर ती सहामाही संपेपर्यंत माणूस ईएसआयमध्ये राहतो, सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. म्हणून इन्क्रिमेंट एप्रिलपासून न लावता मेपासून लावायचं, तेवढेच सप्टेंबरपर्यंतचे महिने पदरात पडतात, ही युक्ती आमच्या लाइनमधल्या कोणालाही विचारा, पाठ असते. दुसरी म्हणजे ओटी. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत (वर्गणी मात्र त्याच्यावरही कापतात, तो भाग सोडा), म्हणून कागदावर पगार २०,९०० ला गोठवायचा आणि वाढ ओटीच्या रकान्यातून द्यायची. यात मालकाला त्रास नाही, उलट फायदाच, कारण बेसिक म्हणजे मूळ पगार वाढला नाही की पुढे नोकरी सोडताना द्यायची ग्रॅच्युइटी पण कमी बसते. नुकसान कामगाराचं, पण ते पंधरा वर्षांनी दिसणार, आणि बापाच्या गोळ्या आत्ता पाहिजेत.

ही मर्यादा १ जानेवारी २०१७ ला १५,००० वरून २१,००० झाली आणि तिथेच अडकलीये. तेव्हापासून किमान वेतन किती वेळा वाढलं, भाडं किती वाढलं, तेल डाळ कुठे गेली ते सांगायला नको. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, चांगलंय, वाढलाच पाहिजे. खासदारांचा पगार २०१८ साली महागाईला जोडून टाकला आणि त्या हिशोबाने तो १ लाखावरून १ लाख २४ हजार झाला. म्हणजे महागाई मोजायचं मशीन दिल्लीत आहे, चालतं पण, फक्त कामगाराच्या मर्यादेला त्याची वायर जोडलेली नाही.

आणि आता खरी गंमत. २०२५ च्या बजेटमध्ये १२ लाखापर्यंत इन्कम टॅक्स माफ केला तेव्हा टीव्हीवर नुसता जल्लोष. पण अर्थ मंत्रालयातल्या हुशार लोकांच्या लगेच लक्षात आलं की ज्याचं करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार आहे त्याचं काय? १० हजार जास्त कमावले म्हणून त्याला स्लॅबने ६१,५०० टॅक्स बसणार, म्हणजे जास्त कमावून तोटा. हे बरं दिसत नाही म्हणून मार्जिनल रिलीफ नावाची सोय आहे, त्यात त्या माणसाला फक्त १०,००० भरायचे, वर सेस. रेघेच्या पलीकडे जेवढं गेलात त्याच्यापेक्षा जास्त तुमच्याकडून काढून घेणार नाही, असं सरकारच त्याला सांगतं. अगदी बरोबर केलं, माझा काही विरोध नाही. माझं एवढंच विचारणं आहे की १२ लाखवाल्याला जे तत्त्व लागू होतं ते २१ हजारवाल्याला का लागू होत नाही? महिना लाखभर कमावणाऱ्याला रेघ ओलांडताना सरकार हात धरून नेतं आणि आमच्या सीएनसीवाल्याला रेघेवरून ढकलून देतं.

हे झालं नोकरीवाल्याचं. खाली उतरलं की अजून वाईट आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या राज्याच्या पेन्शन योजनांना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये. महिन्याची नाही हो, वर्षाची. महिन्याला १,७५० रुपये झाले. याच राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेला मर्यादा आहे वर्षाला अडीच लाख. दोन्हीकडे मिळणार दीडच हजार, आणि मर्यादेत फरक जवळजवळ बारा पट. एका योजनेचा हिशोब २०२४ चा आणि दुसरीचा कुठल्या जमान्यातला देव जाणे.

त्यातून लाडकी बहीण २१ ते ६५ वयापर्यंतच. आमच्या गल्लीत एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरटी बाराशे धरले तरी वर्षाचे सत्तावन्न हजार होतात. आता त्यांना दीड हजार चालू आहेत. ६५ पूर्ण झाली की ते बंद, आणि पुढे श्रावणबाळला जायचं तर तिथे २१ हजाराची अट. म्हणजे खरं उत्पन्न लिहिलं तर हातपाय चालतायत तोवर पैसे मिळणार आणि गुडघे गेले की मिळणार नाहीत. कुठल्या डोक्याने हे बनवलंय मला खरंच कळत नाही. म्हातारपणाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा तर २०० रुपयांचा आहे, ८० च्या वर ५००, त्याच्यावर न बोललेलंच बरं.

अजून एक हिशोब मांडतो, मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन दोनदा तपासलाय. रोजगार हमीची २०२५-२६ ची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये. ६७ दिवस काम केलं तर २०,९०४ होतात. ६८ व्या दिवशी २१,२१६. म्हणजे कायद्याने हमी दिलेले १०० दिवस घरातल्या एका माणसाने पूर्ण भरले तर ३१,२०० होतात आणि त्या घरातली म्हातारी निराधार राहत नाही! सरकारच एका हाताने काम देतं आणि त्याच कामाच्या मजुरीवरून दुसऱ्या हाताने पेन्शन नाकारतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे याच रोजगार हमीच्या जागी जो नवा कायदा केला त्यात तर १२५ दिवस आहेत, म्हणजे त्याच दराने ३९,००० झाले. त्या दिवसांची जाहिरात होते, २१ हजाराचा आकडा कोणाच्या ध्यानीमनी नाही.

मग पेन्शन मिळतेय ती लाखो लोकांना कशी, असं कोणी विचारेल. उत्तर सगळ्यांना माहितीये. उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा बरोबर २१ हजाराच्या आत पडतो. दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहून बघा, समोरचा आधी विचारतो, दाखला कशासाठी पाहिजे? आणि मग आकडा ठरतो. शिष्यवृत्तीला वेगळा, पेन्शनला वेगळा, घर तेच, माणसं तीच. मी यात कोणाला दोष देत नाही, तलाठ्यालाही नाही, कारण त्याने खरा आकडा टाकला तर गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची पेन्शन बंद होईल आणि त्याचं दार लोक तोडतील. पण याचा परिणाम काय होतो बघा. ज्याची कोणाशी ओळख आहे, जो दोन हेलपाटे जास्त मारू शकतो, एजंटला पैसे देऊ शकतो, त्याला दाखला मिळतो. ज्याला खोटं लिहायला भीती वाटते तो घरी बसतो. आणि मग एक दिवस सरकारला जाग येते की अपात्र लाभार्थी फार झाले. लाडकी बहीणमध्ये हेच झालं, निवडणुकीच्या आधी अर्ज धडाधड मंजूर, नंतर सव्वीस लाख नावं संशयित निघाली, पुरुषांची खाती निघाली, मग चारचाकीची तपासणी करायला अंगणवाडीच्या ताईंना दारोदार पाठवलं, मग ई-केवायसी. ट्रॅक्टर चालतो, जुनी मारुती चालत नाही. पुरुषांनी पैसे उचलले ते चोरच, त्यांच्याकडून वसूल करा. पण ज्या बाईने पोराची सेकंडहँड गाडी लपवली तिला चोर म्हणताना मला जड जातं, कारण तिला प्रामाणिकपणाचं बक्षीस शून्य होतं.

हे असंच असायला पाहिजे असं नाही, आणि उदाहरण शोधायला स्वीडनला जायची गरज नाही. आपली मूळ रोजगार हमी बघा. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती होते, त्यांच्या डोक्यातली ही कल्पना, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी करून बघितली, ७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. त्यात उत्पन्नाच्या दाखल्याची भानगडच नव्हती. उन्हात खडी फोडायला जो येईल त्याला काम. ज्याला गरज नाही तो येणारच नाही, झाली गाळणी! आणि पैसा कुठून आणला? १९७५ चा प्रोफेशन टॅक्स, तो त्यासाठीच बसवला, शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापून, आणि तसे जे कर जमा होतील तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्याकडून घालायची. तो टॅक्स मी आजही दर महिन्याला भरतो, २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. घटनेत कमाल मर्यादा २,५०० ची घातलीये १९८८ साली, म्हणून महिना ११ हजारवाला हेल्पर आणि महिना ५ लाखवाला मॅनेजर दोघंही तेवढेच भरतात. बायकांना २५ हजारापर्यंत माफ आहे, ते एक चांगलं केलं. तर ज्यांना वाटतं की टॅक्स फक्त तेच भरतात त्यांनी एकदा हेल्परची सॅलरी स्लिप बघावी. मोबाईल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आणि पेट्रोलवर राज्याचा २५ टक्के व्हॅट तो भरतो ते वेगळंच.

दुसरं उदाहरण ताजं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डांना खुली झाली, पिवळं, केशरी, पांढरं, काही बघायचं नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत. रेघच पुसून टाकली! त्याने आभाळ कोसळलं का? मला वाटतं त्या सरकारने केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आणि त्याची जाहिरात दीड हजाराच्या दहा टक्के पण केली नाही. अडचण एवढीच की ही योजना ठरलेल्या आजारांना आणि ॲडमिट झाल्यावर लागू होते. बायपास फुकट होईल, पण बायपास होऊ नये म्हणून रोज ज्या गोळ्या लागतात त्या यात बसत नाहीत. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत केलंय, तेही आरोग्य खात्याच्या दवाखान्यांमध्ये, पण मोफत असणं आणि गोळी काउंटरवर असणं यात फरक आहे. म्हणून तो सीएनसीवाला ईएसआय सोडायला तयार नाही. तिथेही सगळं सोनं आहे असं नाही, रांगा आहेत, अर्ध्या वेळा औषध बाहेरून आणा म्हणतात, मी स्वतः लोकांचे रिइम्बर्समेंटचे कागद भरून देतो. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

मालकांचंही ऐकून घ्या. आमच्या एका शेठने विचार केला की ज्यांचा पगार २१ हजाराच्या वर गेलाय अशा सात जणांची ग्रुप पॉलिसी काढू. चांगला विचार. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून हेल्थ इन्शुरन्सवरचा जीएसटी शून्य झाला तो फक्त स्वतःची, घरच्यांची पॉलिसी घेणाऱ्याला. ग्रुप पॉलिसीला १८ टक्के तसाच आहे. गडकरी साहेबांनी २०२४ मध्ये पत्र लिहिलं होतं ना, आयुष्याच्या अनिश्चिततेवर टॅक्स लावल्यासारखं आहे म्हणून, मग कामगाराच्या आयुष्यातली अनिश्चितता काय वेगळी असते? शेठने आकडा बघितला आणि फाइल बंद केली.

आता पैसे कुठून आणायचे हा प्रश्न येणारच, आणि तो योग्य आहे. राज्यावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज होईल असा २०२५-२६ च्या बजेटचाच अंदाज होता, एकट्या लाडकी बहीणला ३६ हजार कोटी ठेवले होते. त्या दीड हजाराचे २,१०० करण्याचं आश्वासन आहे ते आहेच. माझं मत विचाराल तर ते २,१०० आत्ता करू नयेत. हे वाचून घरात पण बोलणी बसणारेत, पण दीड हजाराचे एकवीसशे करायच्या आधी ६५ च्या पुढच्या बाईचे दीड हजार शून्य होतात ते थांबवा, माझ्या दृष्टीने ती बाई आधी. आणि ईएसआयची मर्यादा वाढवायला सरकारच्या तिजोरीतून मोठं काही जात नाही, ते पैसे कामगार आणि मालक भरतात. मालक कुरकुर करतील, माझे दोन-तीन क्लायंट हे पत्र वाचून फोन करतील हे पण माहितीये, सव्वातीन टक्के म्हणजे २१ हजाराच्या माणसामागे ६८३ रुपये महिना. पण ग्रुप पॉलिसीपेक्षा स्वस्तच पडेल, हिशोब करून बघा म्हणावं.

मर्यादा एकदम काढता येत नसेल तर निदान उतार तरी ठेवा. २१ हजार ओलांडलेल्या माणसाला स्वतःचा हिस्सा थोडा जास्त भरून ईएसआयमध्ये राहू द्या, वडलांच्या गोळ्यांसाठी तो दीडशेचे चारशे आनंदाने भरेल. निराधारचं उत्पन्न ३० हजार असेल तर पेन्शन थोडी कमी करा, एकदम शून्य नको. आणि जो आकडा कायद्यात किंवा जीआरमध्ये लिहाल तो दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढेल एवढी एक ओळ त्याच्याखाली टाका. खासदारांच्या पगाराला जमलं ते इथे जमायला काय हरकत आहे.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. बजेटच्या दिवशी आपण काय स्वस्त काय महाग याचा मोठा चौकोन छापता. यावेळी एक चौकोन असा छापा की कुठल्या योजनेची मर्यादा किती आणि ती शेवटची कधी बदलली, रेशनकार्डाची, निराधारची, ईएसआयची, सगळ्या. पिवळ्या कार्डाची वर्षाला १५ हजार ही अट तिरंगी कार्डं आली तेव्हापासूनची, म्हणजे १९९९ ची आहे. आणि आमच्या नाशिकच्या आमदार खासदारांना फोन करून त्यांच्या मतदारसंघात २१ हजाराच्या आत खरोखर जगणारं एक तरी घर आहे का ते विचारा.

पत्र फार लांबलंय, मला माहितीये. जागेअभावी कापायचं असेल तर प्रोफेशन टॅक्सचा भाग कापा, गडकरींचा कापला तरी चालेल, पण तेवढा ६८ दिवसांचा हिशोब ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक,
सातपूर, नाशिक